वाईन, तीन प्रतींत

वाईन शॉपमध्ये वाईन मिळत नाही, हे जगन्नाथरावांना वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. बाकी सगळं मिळतं. एखाद्या पैलवानाची नाहीतर इंग्रज साहेबाची आठवण यावी अशा नावांच्या बाटल्या तिथे रांगेने उभ्या असतात, सोडा मिळतो, खारे शेंगदाणे मिळतात, प्लास्टिकचे ग्लास मिळतात. पाटीवर जे लिहिलंय तेवढं सोडून सगळं. पण हे कळेपर्यंत गोष्ट इतकी पुढे गेली होती की मागे फिरणं म्हणजे बायकोसमोर हरणं होतं, आणि जगन्नाथराव बायकोसमोर रोज हरत असले तरी कबूल करून कधी हरले नव्हते.

झालं असं, की येत्या शुक्रवारी त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण होणार होती. रविवारी सकाळी पोटभर पोहे खाल्ल्यावर माणसाच्या अंगात जो उदारपणा येतो, त्या भरात त्यांनी विमलला सांगून टाकलं की या वर्षी काय पाहिजे ते माग. त्यांच्या अंदाजाने मागणी मिक्सरच्या भांड्यापर्यंत गेली असती, फार तर साडीपर्यंत, आणि साडीसाठी त्यांच्याकडे तीन सबबी तयार होत्या. विमल मेथी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मला वाईन प्यायची आहे. एक ग्लास. पण चांगली."

दहावीतली सुरुची शेजारी बसून भूमिती करतेय असं दाखवत होती. तिच्या हातातला कंपास खाली पडला.

मग विमलने सांगितलं ते असं. तिचं माहेर कडवंचीच्या बाजूचं. तिच्या वडिलांनी, पुंजाराम पाटलांनी, त्या गावातली पहिली द्राक्षबाग लावली. विमलच्या लग्नाच्या आदल्या वर्षी काढणीच्या तोंडावर गारा पडल्या आणि सगळे घड फुटले. व्यापारी बघून परत गेले. शेवटी एक अनोळखी टेम्पोवाला आला, म्हणाला, वाईनला चालतील. विमलने तीन दिवस खपून स्वतःच्या हाताने क्रेट भरले. टेम्पो गेला, पुंजारामांना थोडेफार पैसेही मिळाले, विषय संपला. सगळ्यांचा संपला, विमलचा नाही.

"त्या द्राक्षांचं पुढं काय झालं, ते बघायचंय मला," ती म्हणाली. "पंचवीस वर्षं मनातल्या मनात इचारून राह्यले मी."

जगन्नाथराव "बघू" म्हणणार होते. ते एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होते, आणि "बघू" हा त्यांचा सर्वांत आवडता शब्द होता; त्यात प्रकरण मंजूरही होत नाही आणि नामंजूरही होत नाही, नुसतं सुखाने पडून राहतं. पण तेवढ्यात विमलने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडून निघालं, "आणतो." स्वतःचा आवाज ऐकून ते स्वतःच दचकले.

आता घरची परिस्थिती सांगायला हवी. मोठा मुलगा केदार पुण्याला इंजिनिअरिंगला होता, म्हणजे जगन्नाथरावांचा पगार आधी पुण्याला जायचा आणि तिथून उरला तर जालन्याला यायचा. लग्नाच्या वाढदिवसाचा एकूण खर्च पाचशे रुपये ठरला होता आणि त्यात बासुंदी धरलेली होती. सुरुचीने लगेच मोबाईलवर "स्वस्त आणि उत्तम" वाईनची यादी काढली. त्यातली सर्वांत स्वस्त बावीसशेची होती. तिच्या खाली लिहिलं होतं की हिला चामडं, तंबाखू आणि ओल्या दगडाचा गंध येतो. जगन्नाथराव म्हणाले की हा वास आमच्या कचेरीतल्या शिपायाच्या पिशवीला येतो, त्याला कुणी बावीसशे दिले नाहीत अजून.

मग त्यांनी सल्ला घ्यायचं ठरवलं. ही चूक होती, पण कॉलनीत राहायचं म्हणजे ती चूक कधी ना कधी होतेच. शेजारचे सोमेश्वर स्टीलच्या कारखान्यात सुपरवायझर होते आणि जगात अशी गोष्ट नव्हती जिच्यावर त्यांचं मत नव्हतं. जगन्नाथरावांनी विषय फार शिताफीने काढला. आपल्या एका मित्राच्या बायकोला वाईन पाहिजे आहे, असं ते म्हणाले. सोमेश्वरांनी डोळा मारला. मग गंभीर होऊन सांगितलं की वाईन जितकी जुनी तितकी महाग हे सगळ्या जगाला माहीत आहे, तेव्हा साधा हिशोब आहे, बिलकुल ताजी घ्यायची, माळ्यावर ठेवायची आणि केदारच्या लग्नात काढायची. यात शुक्रवारची सोय कशी होणार हे त्यांनी सांगितलं नाही.

समोरच्या चांगुणाबाईंना हे सगळं त्यांच्या ओट्यावरून ऐकू गेलं, कारण त्यांना ऐकू येत नाही असं फक्त त्यांच्या सुनेला वाटायचं. तासाभरात त्यांनी अर्धी वापरलेली द्राक्षासवाची बाटली पाठवली. सोबत निरोप होता: यात बी द्राक्षं अन् त्यात बी द्राक्षं, जेवणानंतर दोन झाकणं, तेवढंच पाणी घालून. जगन्नाथरावांना क्षणभर वाटलं की देव पावला. फुकट, घरपोच आणि वर औषधी. त्यांनी बाटली मोठ्या आशेने विमलपुढे धरली. तिने लेबल वाचलं, वास घेतला आणि म्हणाली, "मला खोकला न्हाई झालेला." बाटली हिंगाच्या डबीशेजारी जाऊन उभी राहिली.

सोमवारी कचेरी सुटल्यावर जगन्नाथराव निघाले. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून आधी त्यांनी बदनापूरला जाऊन घ्यायचा विचार केला होता, पण मग आठवलं की अर्धी कचेरी रोज बदनापूरहूनच जाऊन येऊन करते. म्हणून त्यांनी केदारचं जुनं हेल्मेट घातलं, ज्याच्या दोन्ही बाजूंना आगीच्या ज्वाळा काढलेल्या होत्या, आणि मोंढ्याजवळच्या कल्याणशेठच्या वाईन शॉपला गेले. हेल्मेट त्यांनी आत गेल्यावरही काढलं नाही, त्यामुळे आधीपासून रांगेत असलेल्या चारही जणांनी त्यांच्याकडे वळून बघितलं. एरवी एकानेही बघितलं नसतं.

वाईन आहे का, असं त्यांनी हेल्मेटमधून विचारलं. कल्याणशेठ म्हणाले, वाईन शॉपच आहे ना साहेब, काय देऊ? जगन्नाथराव म्हणाले, वाईन. कल्याणशेठ म्हणाले, हो, पण कोणती, व्हिस्की का रम? असं दोनतीन वेळा झालं. शेवटी कल्याणशेठच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी वरच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे एक उंच बाटली होती आणि तिच्या गळ्यात प्लास्टिकच्या झेंडूची माळ होती. किंमत अकराशे, पण ती शोची आहे, विकायची नाही, असं ते म्हणाले. दसऱ्याला तिची पूजा होते. मात्र साहेबांना पाहिजेच असेल तर गुरुवारपर्यंत संभाजीनगरहून छोट्या बाटल्या मागवून ठेवतो, स्वस्तातल्या दोनतीन. ड्राय का स्वीट?

ड्राय डे मागच्याच आठवड्यात होऊन गेला, आता शुक्रवारी पुन्हा कशाला, असं जगन्नाथरावांनी ठणकावून सांगितलं. कल्याणशेठना हा माणूस फार विनोदी वाटला.

इथवर सगळं बरं चाललं होतं. पण परत फिरताना जगन्नाथरावांची नजर काउंटरवरच्या पाटीवर पडली. परवानाधारकांनाच मद्यविक्री केली जाईल. त्यांनी ती मोठ्याने वाचली. रांगेतल्या त्या चार जणांनीही पहिल्यांदाच ती पाटी ऐकली असावी, कारण ते एकमेकांकडे बघू लागले.

"ते लिहावं लागतं साहेब," कल्याणशेठ म्हणाले. "कोण इचारून राह्यलंय."

हे वाक्य जगन्नाथरावांच्या जिव्हारी लागलं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी रोज सकाळी साडेदहा ते संध्याकाळी साडेसहा फक्त लिहावं लागतं म्हणूनच लिहिलं होतं. त्याला कुणी विचारत नाही, असं एक दुकानदार म्हणत असेल, तर मग इतकी वर्षं आपण केलं काय? आपण परवाना घेऊनच परत येऊ, असं त्यांनी जाहीर केलं आणि ज्वाळांचं हेल्मेट ताठ ठेवून ते बाहेर पडले.

त्याच संध्याकाळी त्यांनी अर्ज लिहिला. तीन प्रतींत लिहिला, कारण एका प्रतीवर त्यांचा विश्वास नव्हता आणि दोन प्रती त्यांना अपूर्ण वाटत. विषय: वाईन पिण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा निर्व्यसनी असून शुक्रवारी वाईन प्राशन करण्याची गरज निर्माण झालेली आहे. सोबत आधार कार्ड, रेशन कार्ड, लाईट बिल, दोन फोटो आणि लग्नाचा दाखला जोडला. दाखला कशाला, असं सुरुचीने विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की गरज याच्यामुळेच निर्माण झाली.

परवाना कुठे मिळतो हे मात्र त्यांनी कुणालाच विचारलं नाही. सोमेश्वरांना विचारण्यापेक्षा ते तहानलेले मेले असते. आणि विचारायची गरजही नव्हती. राजूर रस्त्यावर, चौफुलीच्या पुढे, दहा वर्षं ते स्कूटरवरून एक पाटी बघत आले होते. हॉटेल पूर्णाई. परमिट रूम. ए.सी. फॅमिली रूम. हॉटेलच्या इमारतीत सरकारने भाड्याने खोली घेतलेली असणार, हे त्यांनी ताडलंच होतं. त्यांची स्वतःची कचेरी सहा वर्षं मंगल कार्यालयाच्या वर होती. परमिट रूम म्हणजे परवान्याची खोली. फॅमिली रूम म्हणजे सहकुटुंब आलेल्या अर्जदारांच्या बसण्याची सोय. आणि ए.सी. म्हणजे या खात्याला बजेट बरं दिसतंय.

मंगळवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकली आणि अकरा वाजता फाईल काखेत घेऊन परमिट रूममध्ये प्रवेश केला.

आत अंधार होता. वीजबचत बघून त्यांना बरं वाटलं. तीन टेबलांवर तीन अर्जदार आधीच बसलेले होते आणि इतर कचेऱ्यांतल्या अर्जदारांसारखेच हताश दिसत होते. एका वेटरने येऊन काय घेणार म्हणून विचारलं. जगन्नाथराव म्हणाले, अर्ज द्यायचाय, परमिट पाहिजे. वेटरला ते एखादं नवीन नाव वाटलं, त्याने विचारलं, हाफ का क्वार्टर? जगन्नाथरावांनी शांतपणे समजावलं की मुदत काय काय असते ते सांगा, एक दिवसाचं की वर्षाचं? वेटर थोडा विचारात पडला.

"समदे एक दिवसाचं म्हणूनच येतात साहेब," तो म्हणाला. "मंग वर्षाचं होऊन जातं."

त्याने आत जाऊन मॅनेजरला सांगितलं की कुणी साहेब आलेत, फाईल आहे, परमिट मागून राह्यले. मॅनेजरचं नाव शिवाजी. फाईल हा शब्द ऐकल्याबरोबर त्याने तपासणीच आली असं धरलं. तो शर्ट खोचत धावत आला, खुर्ची स्वतःच्या रुमालाने पुसली, सोडा आणला, काजू आणले, कांदा-टोमॅटो घातलेली चणाडाळ आणली आणि भिंतीवरचा फ्रेम केलेला परवाना काढून जगन्नाथरावांपुढे ठेवला. सगळं बराबर आहे साहेब, असं तो तीनदा म्हणाला. जगन्नाथराव भारावले. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी अर्जदाराला साधी खुर्ची देऊ केली नव्हती. आपण परत गेल्यावर निदान पाणी तरी विचारायला सुरुवात करू, असं त्यांनी मनाशी ठरवलं, चणाडाळ संपवली आणि अर्ज पुढे करून पोच मागितली.

घाबरलेला माणूस शिक्का आधी मारतो आणि वाचतो नंतर. शिवाजीने तिन्ही प्रतींवर हॉटेल पूर्णाई परमिट रूम असा गोल शिक्का मारला, तारीख टाकली, आणि मग वाचलं. वाचता वाचता त्याचा चेहरा हळूहळू सैल पडत गेला. साहेब, हे तुमच्या स्वतःसाठी आहे का, असं त्याने विचारलं.

"माझ्यासाठी कशाला?" जगन्नाथराव म्हणाले. "माझ्या बायकोला प्यायची आहे."

 तिन्ही टेबलांवरचे ग्लास खाली ठेवले गेले. कोपऱ्यातला एक म्हातारा उठून आला, जगन्नाथरावांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून म्हणाला की मी चाळीस वर्षं बायकोला चुकवून इथं येतो, आणि तुम्ही तिच्यासाठी आलात.  मग शिवाजीने हळुवारपणे, एखाद्याच्या घरची वाईट बातमी सांगावी तसं, परमिट रूम म्हणजे काय ते समजावलं. काजूचे पैसे त्याने घेतले नाहीत.

जगन्नाथरावांना आता एकच इच्छा उरली होती, कुणाच्या नजरेला न पडता स्कूटरपर्यंत पोचायची. त्यांनी दार ढकललं आणि ते उन्हात आले. आणि त्या दिवशी अंगारकी होती.

अंगारकीला निम्मं जालना राजूरच्या गणपतीला पायी निघतं. पहाटेची माणसं केव्हाच पुढे गेलेली असतात, पण बायका-मुलं, गुडघेवाले आणि उशिरा उठणारे अकरा-साडेअकराला चौफुलीवरून जात असतात. थोडक्यात, त्यांची कॉलनी. चांगुणाबाई सगळ्यांत पुढे होत्या, त्यांच्यामागे सोमेश्वर डोक्याला रुमाल बांधून. सगळे थांबले. जगन्नाथरावांच्या पाठीमागे परमिट रूमचं दार अजून हलत होतं.

"काम होतं," जगन्नाथराव म्हणाले. बोलल्याबरोबर त्यांना कळलं की हा सर्वांत वाईट शब्द होता. शिवाय तोंडाला कांद्याचा वास, अंगारकीच्या दिवशी. गोंधळात काखेतली फाईल निसटली आणि कागद रस्त्यावर पसरले. सोमेश्वरांनी मदत म्हणून एक उचलला आणि सवयीने मोठ्याने वाचला. "विषय, वाईन पिण्यास परवानगी मिळणेबाबत." मग खालचा शिक्का वाचला. मग काहीच वाचलं नाही. चांगुणाबाईंनी पदराच्या गाठीतून साखरफुटाणे काढून जगन्नाथरावांच्या हातावर ठेवले आणि गणपतीकडे तुमच्यासाठी मागते, असं सांगून त्या पुढे चालू लागल्या.

संध्याकाळपर्यंत राजूरहून परतलेली माणसं एकेक करून घरी आली. गणपतीला जाऊन आल्यावर माणूस मुळातच दुसऱ्याचं भलं करायच्या मनःस्थितीत असतो. एकाने व्यसन सोडवणाऱ्या केंद्राचा नंबर आणला. एकाने सांगितलं की त्याचा मेव्हणा दोन वर्षांत बरा झाला, आता फक्त सणासुदीला घेतो. चांगुणाबाईंनी विमलला बाजूला घेऊन विचारलं की हात उचलतो का. सोमेश्वरांनी, मित्राची बायको म्हणजे तुम्ही स्वतःच, मला आधीच समजलं होतं, असं म्हणून जगन्नाथरावांचा खांदा थोपटला. जगन्नाथराव दिवाणावर ताठ बसून होते. चिडावं तर नशेत चिडला म्हणतील, हसावं तर नशेत हसला, आणि गप्प बसले तर उतरली वाटतं. निर्व्यसनी माणसाला कुठे जागाच उरली नव्हती.

शेवटचा पाहुणा गेल्यावर विमलने कपबश्या गोळा केल्या. जगन्नाथरावांनी सुरुचीला सांगितलेली खरी हकीगत तिने केव्हाच ऐकली होती. तिने कुणाला खुलासा दिला नव्हता आणि ती हसलीही नव्हती. ओल्या हातांनी ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

"राहू द्या आता," ती म्हणाली. "न्हाई प्यायली म्हणून काय बिघडलं. चहा टाकू?"

पंचवीस वर्षांत हे "राहू द्या" जगन्नाथरावांनी पुष्कळदा ऐकलं होतं. माथेरानच्या वेळी ऐकलं होतं, बांगड्यांच्या वेळी ऐकलं होतं, शिवणाच्या क्लासच्या वेळीही. दर वेळी त्यांना सुटल्यासारखं वाटायचं आणि ते पेपर उघडायचे. आज त्यांनी पेपर उघडला, पण अक्षरं दिसेनात. कॉलनीत अब्रू गेली होती, ती कधी ना कधी परत आलीही असती. पण हा शुक्रवार एकदा गेला की ही बाई पुन्हा काही मागणार नाही, हे त्यांना लख्ख दिसलं.

"राहू द्यायचं न्हाई," ते एवढ्या जोरात म्हणाले की सुरुची आतून धावत आली. "अर्ज केलाय मी. तीन प्रतींत."

 विमलने हात पुसून फाईल मागितली, दिवाणावर बसली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. लाईट बिलसुद्धा वाचलं. "प्यायची मी," ती म्हणाली, "अन् अर्जदार तुम्ही कसे काय?"

जगन्नाथरावांनी अर्ज पुन्हा वाचला. अठ्ठावीस वर्षांत इतकी मूळ त्रुटी त्यांच्या टेबलावरून सुटली नव्हती. विमलने सुरुचीला ऑनलाईन असतंय का बघायला सांगितलं, ते होतंच; मग तिचा मोबाईल घेतला, कुकर लावला आणि एका हाताने वरण हलवत दुसऱ्या हाताने स्वतःचा फॉर्म भरला. कारण विचारलं होतं तिथे आरोग्य असं आधीच छापलेलं होतं. तिने त्याला हरकत घेतली नाही. चौथ्या शिट्टीला परवाना आला. श्रीमती विमल जगन्नाथ यांच्या नावाचा, शुक्रवारचा, एका दिवसाचा. जगन्नाथरावांनी तो दोनदा वाचला आणि कुठे शिक्का दिसतो का ते उगाचच शोधलं.

शुक्रवारी सकाळी विमल हिरवी काठपदराची साडी नेसून कल्याणशेठच्या दुकानात शिरली. जगन्नाथरावांना ती म्हणाली की तुम्ही बाहेर थांबा, भाजी आणायला आल्यावर तुम्ही जल्दी करता. त्यामुळे ते कापडी पिशवी घेऊन वाईन शॉपच्या पायरीवर उभे राहिले, हेल्मेट न घालता. कचेरीतले दोघे जण जाताना दिसले. कोणाची वाट बघून राह्यले साहेब, असं एकाने विचारलं. "विमलची," ते म्हणाले, आणि ते खरं असल्यामुळे त्यांना फार बरं वाटलं.

आत रांग आपोआप बाजूला झाली होती. विमलने परवान्याची प्रिंट काउंटरवर ठेवली. कल्याणशेठनी ती दोन्ही हातांत धरून वाचली आणि रांगेतल्या माणसांनाही दाखवली. मग मागवलेल्या तीन छोट्या बाटल्या पुढे मांडल्या. विमलने वांगी बघावीत तशा त्या उजेडात फिरवून बघितल्या. पहिलीत साखर घातलीय का, असं विचारलं. घातली होती. मंग शरबतच की, म्हणून ती बाजूला. दुसरी साडेचारशेची होती आणि जड होती. विमलने तिच्या बुडाला अंगठा लावला, तो आत गेला. काच जास्त अन् माल कमी, असं म्हणून तीही बाजूला. तिसरीचं लेबल तिरपं चिकटवलेलं होतं, नाव कुठल्या तरी छोट्या कारखान्याचं होतं, पण मागे बारीक अक्षरात द्राक्षांचा हंगाम लिहिला होता. विमलने बोटांवर महिने मोजले. थंडीतली काढणी आहे, गोडी बरी असेल, असं ती स्वतःशीच म्हणाली. दोनशे नव्वद. छापील किमतीत घासाघीस होत नाही म्हटल्यावर तिने शेंगदाण्याच्या दोन पुड्या वर मागून घेतल्या. चामडं, तंबाखू वगैरे काही विचारलं नाही.

दुपारी चारला बाटली टेबलावर आली. तिला बूच होतं. ते काढायला काय लागतं ते घरात नव्हतं. सुरुचीने मोबाईलवर बघून सांगितलं की बाटली बुटात घालून भिंतीवर आपटली की बूच वर येतं. जगन्नाथरावांनी ती केदारच्या बुटात घालून आपटली, तेव्हा भिंतीचा वीतभर गिलावा खाली आला आणि आवाज ऐकून सोमेश्वर धावले. ते लाकडाचा स्क्रू आणि पक्कड घेऊन परत आले. अर्धं बूच निघालं. उरलेलं अर्धं जगन्नाथरावांनी कढईच्या उलथन्याच्या दांड्याने आत ढकललं, त्याबरोबर वाईनचं कारंजं उडून त्यांच्या पांढऱ्या शर्टावर आलं. तेवढ्यात चांगुणाबाई आल्या. डाग बघून त्यांनी कपाळाला हात लावला. सगळा प्रकार समजावून सांगेपर्यंत सुरुचीची क्लासची वेळ झाली आणि ती फार नाइलाजाने गेली.

बुचाचे तुकडे तरंगत होते म्हणून विमलने वाईन चहाच्या गाळणीने गाळली, फुलाफुलांच्या सरबताच्या ग्लासात. सोमेश्वर घसा खाकरून म्हणाले की एवढी मेहनत केली, थोडी चवीपुरती. जगन्नाथरावांनी त्यांना परवाना आहे का विचारलं.  चांगुणाबाईंनी फक्त वास घेतला, यापेक्षा माझं औषध कडक आहे म्हणाल्या, आणि जगन्नाथरावांच्या डोक्यावरचं एक संकट टळलं अशा समाधानाने सोमेश्वरांना ओढतच घेऊन गेल्या.

घरात दोघंच राहिली. विमल खुर्चीवर बसली, पदर नीट केला आणि एक घोट घेतला. जगन्नाथराव स्टुलावर बसून तिच्या गळ्याकडे बघत होते. तिने डोळे मिटले. दुसरा घोट घेतला. भिंतीवरून गिलाव्याचा आणखी एक तुकडा पडला, तरी तिने डोळे उघडले नाहीत. नाही आवडली तर काय, हा विचार इतके दिवस जगन्नाथरावांनी केलाच नव्हता. आता तो त्यांना एकदम आला.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं.

विमलने जीभ टाळ्याला लावून बघितली. "आंबट हाय. तुरट बी हाय." तिने आणखी एक घोट घेतला. मग तिचा चेहरा बदलत गेला, गर्दीत अचानक माहेरचं माणूस दिसावं तसा. "पण साल लागून राह्यलंय दातांना. द्राक्षाचंच हाय ते. गेलं न्हाई कुठं."

तिने डोळे पुसले आणि ग्लास त्यांच्यापुढे धरला.

"परवाना तुझ्या नावाचा आहे," जगन्नाथराव म्हणाले.

"घ्या."

जगन्नाथरावांनी दाराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, टेबलावरच्या परवान्याकडे बघितलं. अठ्ठावीस वर्षांत कागद नसताना त्यांनी टाचणीसुद्धा इकडची तिकडे केली नव्हती. त्यांनी परवाना उचलला, अलगद पालथा घातला, ग्लास घेतला आणि एक घोट प्याले. त्यांचे कान लाल झाले. नाक मुरडलं गेलं. डाव्या डोळ्यातून पाणी आलं.

"मला बिलकुल आवडली न्हाई," ते म्हणाले.

"मंग द्या इकडं," विमल म्हणाली.

जगन्नाथरावांनी ग्लास काही दिला नाही.